गावठी कोंबड्याची पिसं निघत नाहीत, रस्सा कडू होतो, मटण रबर लागतं : बिघाड नेमका कुठे होतो

गटारी जवळ आली की नवी मुंबईतल्या आमच्या घणसोली गावात एकच विषय, कोंबडा कुठून आणायचा. त्या दिवशी ब्रॉयलर कुणालाच नको असतो. मी गेली काही वर्षं मुरबाडच्या पुढच्या एका शेतकऱ्याकडून गावठी कोंबडे आणतो, दोन घरासाठी आणि एक सासुरवाडीला. सुरुवातीची चार वर्षं दरवेळी तोच तमाशा. पिसं हाताला येईनात, आली तर कातड्यासकट. पोट उघडलं की नाकाला रुमाल. रस्सा एखाद्या वर्षी कडू. मटण तर दर वर्षी रबर. आई मसाल्याला दोष द्यायची, बायको कुकरच्या शिट्टीला, आणि मी त्या शेतकऱ्याला, म्हातारा कोंबडा गळ्यात मारला म्हणून.

चौथ्या वर्षी डिकीतून पिशवी काढून आईच्या हातात दिली. तिने बाहेरूनच हात लावला आणि म्हणाली, "अरं पोऱ्या, कोंबरा पिशवीन शिजवून आनलास काय?"

पिशवी अजून गरम होती. सकाळी दहाला कापलेला कोंबडा, दुपारी साडेबाराला गरम.

तिथून मी उलटा हिशोब मांडला. जिवंत कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश असतं, आपल्यापेक्षा चार अंश जास्त. कापल्यावर ते उतरायला हवं. पण पिसांची दुलई अंगावर, वरून प्लॅस्टिकची पिशवी, ती डिकीत आणि गाडी कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये. आत आतडी भरलेली. अशा उबेत काही जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. अडीच तासांत किती झाले असतील ते ज्याचं त्याने मोजावं.

मग आजोबा आठवले. गवळीदेवच्या डोंगराकडे ते तरुणपणी सशा-तितरामागे जायचे, हे आम्ही लहानपणी ऐकलेलं. त्यांचा एक नियम होता: शिकार पडली की पोट तिथंच मोकळं करायचं, काडी लावून उघडं ठेवायचं आणि वाऱ्यावर टांगत घरी आणायचं. सोलणं नंतर, आधी पोट. ते दिवस गेले आणि गेले ते बरंच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता ससा, तितर, लाव्हा यांना हात लावणं गुन्हा आहे. येऊरच्या किंवा मुरबाडच्या जंगलातला "माल" कुणी आणून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण आजोबांचा नियम पाळीव कोंबड्यालाही तसाच्या तसा लागू पडतो. माझ्या पाच तक्रारींपैकी चार त्या अडीच तासांत तयार होत होत्या. चुलीपर्यंत येईस्तोवर करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

म्हणून खाली प्रत्येक तक्रार वेगळी घेतली असली तरी पहिला प्रश्न एकच ठेवा: सुरी फिरल्यापासून पोट उघडेपर्यंत किती वेळ गेला?

पिसं निघत नाहीत, किंवा कातडीसकट निघतात

या दोन तक्रारी उलट वाटतात, पण दोन्हीचं मूळ पाण्यात आहे. पिसांची मुळं कातडीत घट्ट बसलेली असतात. गरम पाण्याने ती पकड सैल होते. पाणी कोमट असेल तर पकड सुटत नाही. पाणी खळखळ उकळतं असेल तर कातडीच शिजते आणि पिसाबरोबर सोलून येते. छातीचं मांस पांढरं पडलेलं दिसलं तर समजा, कोंबडा भांड्यातच शिजायला लागला होता.

हवं ते तापमान आहे ६३ ते ६५ अंश. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर तांब्याने मोजा: पावसाळ्यात आपल्याकडे नळाचं पाणी साधारण २७-२८ अंश असतं. सहा तांबे खळखळतं पाणी आणि पाच तांबे नळाचं एकत्र केलं की सदुसष्टच्या आसपास येतं. भांडं थोडी उष्णता खातं, मग बरोबर पासष्ट. निम्मं-निम्मं घेतलं तर चौसष्टला सुरुवात होते आणि कोंबडा बुडवताच खाली घसरते, म्हणून एक तांब्या जास्तीचा. भांडं मोठं घ्या, दहा-बारा लिटर पाणी मावेल असं. छोट्या पातेल्यात अडीच किलोचा कोंबडा घातला की पाणी लगेच थंड होतं, मग वरून किटलीने उकळतं ओतायचं, तेही नेमकं छातीवर. मी हे केलंय.

पाय धरून बुडवा आणि वर-खाली, गोल हलवत राहा, म्हणजे पाणी पिसांच्या खाली मुळापर्यंत जाईल. नुसता बुडवून ठेवला तर वरची पिसं भिजतात आणि अंगाजवळ हवा तशीच राहते. साधारण एक मिनिट, जून कोंबडा असेल तर दीड. घड्याळापेक्षा पंखाचं विचारा: पंखाचं मोठं पीस ओढलं आणि अलगद आलं की बाहेर काढा. त्यानंतर एक सेकंद जास्त नको.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं कापल्यावर, रक्त पूर्ण निथळल्यावर, दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवं. अंग गार होऊन ताठ पडलं की तेच पाणी, तेवढाच वेळ, पण पिसं हलत नाहीत. मी पाणी आणखी गरम करत गेलो, वेळ वाढवत गेलो आणि शेवटी कातडी गेली. आता सरळ त्या शेतकऱ्याच्या अंगणात चूल पेटवून घेतो. पहिल्या वर्षी त्याला गंमत वाटली, आता तो स्वतःच हंडा चढवून ठेवतो.

रक्त निथळण्याचंही सांगतो. कापून ड्रममध्ये टाकला की तो तडफडतो, पंखाची टोकं लाल होतात, गाठी धरतात. पाय वर, मान खाली धरून तीन-चार मिनिटं थांबा. विकणाऱ्याला सांगून ठेवा, नाहीतर गटारीच्या गर्दीत त्याला सवड नसते.

उपटताना आधी पंख आणि शेपटीची मोठी पिसं, कारण गार होताना तीच आधी घट्ट होतात. मग पाठ, तंगड्या. छाती सगळ्यात शेवटी आणि चिमटी-चिमटीने, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरत. मूठभर ओढलीत की फाटलीच. खाली राहिलेली बारीक काळी खुंटं सुरीची बोथट बाजू आणि अंगठा यांच्यात पकडून काढा. केसासारखी लव उरते ती गॅसच्या जाळावर फिरवून जाते. आमच्याकडे पूर्वी हळद लावून पेंढ्याच्या जाळावर शेकायचे. त्या धुराचा वास रश्शाला लागतो आणि तो मला अजूनही हवा असतो. इमारतीत राहणाऱ्यांनी मात्र पेंढा पेटवू नये. एकदा मित्राने कोपरखैरण्यात गच्चीवर पेटवला तेव्हा वॉचमन बादली घेऊन आला होता.

पिसं निघालीच नाहीत, कोंबडा गार झालाय, पाहुणे येतायत

हट्ट सोडा आणि अख्खी कातडी काढा. यातही एक चूक सगळे करतात. पिसं निघत नाहीत म्हणून आधी भिजवतात आणि मग सोलायला घेतात. ओली पिसं हाताला, सुरीला, मांसाला चिकटतात, मग पुढचा अर्धा तास एक-एक निवडायचं. सोलायचं ठरलं असेल तर कोंबडा कोरडा ठेवा.

पंख शेवटच्या सांध्यात कापून टाका, पाय गुडघ्याच्या सांध्यात. हाड तोडायचं नाही, सांधा वाकवून पांढरी शीर कापायची, मग सुरी आपोआप जाते. छातीच्या हाडावर कातडी चिमटीत उचलून छोटी चीर द्या, दोन्ही अंगठे आत घाला आणि बाजूला सारा. छातीवरची कातडी लगेच सुटते. तंगडी आतून वर ढकलायची आणि कातडी खाली ओढायची, घट्ट बनियन काढतो तसं. अडतं ते पाठीवर, कण्याला कातडी चिकटलेली असते, तिथे सुरीचं टोक मदतीला घ्या. मानेपर्यंत आलात की मानेसकट तोडून टाका. शेजारी पाण्याची वाटी ठेवून हात सारखे धूत राहा, म्हणजे पिसं मांसाला लागत नाहीत.

कोंबडा जितका गार तितकं हे अवघड, पण पिसं उपटण्यापेक्षा बरंच सोपं. रश्शावर तवंग कमी येतो, हा तोटा आहेच. आई असल्या कोंबड्याला "उघडा" म्हणते आणि ताटात घेताना तोंड वाकडं करते.

रस्सा कडू

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: पित्त फुटलं. कलेजीच्या खालच्या अंगाला, उजव्या पाळीला चिकटून, करंगळीच्या पेराएवढी हिरवी पिशवी असते. ती फुटली आणि लक्षात आलं नाही तर एवढासा थेंब टोपभर रश्शाला पुरतो. मग गूळ घाला, लिंबू पिळा, खोबरं वाढवा, कडूपणा मागे उभा असतोच.

फुटलं तर? हात लगेच थांबवा. हिरवं लागलेलं मांस सुरीने कापून फेका, बाकीचं वाहत्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. पातेल्यात सगळं एकत्र घोळवून धुवायला जाऊ नका, नाहीतर एका तुकड्याचं पित्त सगळ्यांना लागेल. कलेजीवर लागलं असेल तर कलेजीचा मोह सोडा.

पण ते फुटू नये म्हणून काय करायचं हे जास्त कामाचं. पोट फाडताना सुरी आत खुपसायची नाही. छातीच्या हाडाच्या टोकाखाली, जिथे पोट मऊ लागतं, तिथली कातडी चिमटीत उचलून आडवी चीर द्यायची, सुरीची धार वरच्या बाजूला. नंतर ढुंगणाभोवती गोल कापून ती जागा मोकळी करायची, आतडं कापलं जाणार नाही असं. हे होण्याआधी मानेकडून दाण्याची पिशवी आणि दोन्ही नळ्या सोडवून ठेवलेल्या बऱ्या, नाहीतर आतून ओढताना सगळं मध्येच तुटतं. मग हात छातीच्या हाडाला घासत आत, काळजापर्यंत, आणि मूठ वळवून सगळं एकदम बाहेर. चिवडायचं नाही. कलेजी हातात आली की पित्ताची पिशवी नुसती ओढू नका, कलेजीचा छोटा तुकडा तिच्यासोबत जाऊ द्या. तेवढ्या तुकड्यासाठी कंजुषी केली आणि एकदा पूर्ण टोप गेला.

एक गोष्ट मला उशिरा कळली. कापण्याआधी कोंबडा आठ ते बारा तास उपाशी ठेवावा, पाणी चालू ठेवावं. पोट रिकामं झालं की घाण कमी होते. पण काही जण आदल्या दिवशी सकाळीच टोपलीखाली झाकतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कापतात. इतक्या उपासाने पित्ताची पिशवी फुगते आणि आतडी नाजूक होतात, हात लावला की फाटतात. ज्या वर्षी आमचा रस्सा कडू झाला, त्या वर्षीचा कोंबडा बाजारात टोपलीखाली दीड दिवस बसलेला होता. तेव्हा रात्री दाणा बंद, सकाळी काप, एवढं पुरे.

वास येतो

मसाल्याच्या आतूनही एक कुबट, तेलकट वास येत असेल तर शेपटी बघा. शेपटीच्या वरच्या बाजूला पिवळट रंगाची दुहेरी गाठ असते. कोंबडी चोचीने त्यातलं तेल घेऊन पिसांना लावते. ती शिजली की वास सोडते. नुसती वरवर छाटू नका, खोलवर हाडापर्यंत जाऊन पूर्ण काढा, किंवा सरळ शेपटीच उडवा. विकणारे घाईत ही अर्धी ठेवतात.

दुसरी जागा फुप्फुसं. बरगड्यांच्या खाचांत गुलाबी स्पंजासारखी रुतून बसलेली असतात, हाताला येत नाहीत आणि लोक सोडून देतात. चमच्याने खरवडा. पेटा, म्हणजे दाणे दळणारी जाड गोल पिशवी, उभा चिरून आतले खडे झटका आणि पिवळं साल नखाने सोलून काढा, एकदा कडा सुटली की सबंध निघून येतं.

तिसरा वास वेगळा असतो: आंबूस, आतून येणारा, पोटाकडची कातडी हिरवट. हा पिशवीतल्या अडीच तासांचा वास. याला उपाय नाही. व्हिनेगर, लिंबू, दही, काही लावू नका, टाकून द्या. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, मला वाटलं होतं.

तसंच, कोंबडा घेतानाच बघून घ्या. तुरा निळसर, नाकातून पाणी, मान टाकून बसलेला असेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू सापडला होता. पोट उघडल्यावर कलेजीवर पांढरे ठिपके दिसले तरी तोच निर्णय.

मटण रबर

इथे मी सगळ्यात जास्त वर्षं चुकलो. जून कोंबडा आहे, आणखी दोन शिट्ट्या, असं चाललेलं. जून कोंबडा चिवट असतोच, त्याला वेळ द्यावाच लागतो. पण आम्ही त्याला नेमका चुकीच्या वेळी शिजवत होतो. कापल्यानंतर थोड्या वेळाने स्नायू आखडतात, अंग लाकडासारखं होतं, आणि काही तासांनी पुन्हा सैल पडतं. गावठी जून कोंबड्याला याला अर्धा दिवस सहज लागतो. दहाला कापलेला, साडेबाराला घरी आलेला, एकला कुकरमध्ये गेलेला कोंबडा ऐन आखडलेल्या अवस्थेत शिजतो आणि तसाच राहतो.

तंगडी धरून हलवून बघा. ताठ असेल तर थांबा. पोट साफ केल्यावर अर्धा-पाऊण तास बर्फाच्या पाण्यात, मग निथळून झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चार अंशांच्या आसपास, रात्रभर. तंगडी सहज हलायला लागली की कापा. ताठ असताना फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका, तो चिवटपणा गोठून बसतो.

अडचण अशी की गटारीला आदल्या दिवशी आणायची आपल्याकडे रीत नाही. अमावास्येला आणायचा, त्याच दिवशी संपवायचा, कारण दुसऱ्या दिवसापासून श्रावण आणि फ्रिजमध्ये काही उरलेलं आईला चालत नाही. म्हणून आता मी एक दिवस आधी सुट्टी टाकतो. ऑफिसात कारण काय सांगतो ते इथे लिहीत नाही.

सध्या मी काय करतो

गाडीत मोठा थर्मोकोलचा डबा, त्यात तळाला बर्फ. शेतकऱ्याकडे सकाळी सातला. तिथेच कापणं, निथळणं, पाणी, पिसं, पोट. तासाभरात तीन कोंबडे होतात. प्रत्येक कोंबडा पोटातून हवा जाईल असा उघडा, पंधरा मिनिटं सावलीत टांगून, मग स्वतंत्र पिशवीत घालून बर्फावर. बर्फाचं पाणी पिशवीत शिरू देत नाही. कल्याण फाट्याला ट्रॅफिक लागलं तरी आता पोटात गोळा येत नाही.

घरी आल्यावर नळाखाली धो-धो धूत नाही. शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर, पाण्याच्या पिंपावर उडतात आणि त्याबरोबर जंतूही. धुवायचंच असेल तर पातेल्यात, हळू, आणि नंतर ओटा, पाट, सुरी साबणाने. विळी वापरत असाल तर पात्याची खाच विसरू नका.

आणि ज्यांना हे सगळं घरच्या बाथरूममध्ये करायचं आहे त्यांच्यासाठी एकच: नहाणीच्या जाळीवर आधी जुनं फडकं पसरा. पिसं नळीत गेली की आत जाऊन फुगतात आणि खालच्या मजल्यावर पाणी उतरतं. आमच्या नात्यातल्या एकाने ती कमोडमध्ये टाकली होती. प्लंबरने काढली तेव्हा अर्धी सोसायटी बघायला जमली होती, त्यातलं पहिलं घर जैनांचं. पिसं आणि आतडी वर्तमानपत्रात गुंडाळून, घंटागाडी यायच्या थोडं आधी ओल्या कचऱ्यात. रात्रीच ठेवलीत तर मांजरं जिन्यात पसरतात.